हरलेल्या पोरांचा गुरू

समजा, इंजिनीअरिंगचं शेवट आलंय. अभ्यास होत आलाय, आता फक्त पदवी हातात पडायची. आणि तुमचा एक मित्र म्हणतो, मला ती नकोच. केटी लागलीय म्हणून नाही, फी थकलीय म्हणून नाही. नावामागे इंजिनीअर लागलं की आपण चारचौघांसारखे होऊ, या कल्पनेचीच त्याला शिसारी येते. तुम्ही काय कराल? निम्मे जण त्याला वेड्यात काढाल. आणि खरं सांगायचं तर उरलेले निम्मे मनातल्या मनात त्याच्यावर फिदा व्हाल.

जुलियस एव्होलाची गोष्ट या दुसऱ्या निम्म्यांनी नीट वाचायला हवी.

१९ मे १८९८ रोजी रोममध्ये जन्मलेला हा माणूस. घराणं मूळचं सिसिलीचं. पुढे लोक त्याला बॅरन म्हणत आणि तोही ते चालवून घेई, पण या सरदारकीबद्दल अभ्यासकांना शंकाच आहे. रोममध्ये इंजिनीअरिंग शिकत असताना त्यानं पदवी घ्यायला नकार दिला तो वर सांगितलेल्या कारणासाठीच. डॉक्टर, इंजिनीअर ही बिरुदं बाजारबुणग्या मध्यमवर्गाची, असं त्याचं मत. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता, आसियागोच्या पठारावर. युद्ध संपलं, पोरगा घरी आला आणि रोजच्या जगण्यात त्याचं मन काही रमेना. मग त्यानं चित्रं काढली. दादा या बंडखोर कलाचळवळीत तो शिरला, ट्रिस्टन झाराशी पत्रव्यवहार केला. त्याचं एक अमूर्त चित्र आजही रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. चित्रकार म्हणून त्याला काही भवितव्य नव्हतं असं नाही. पण काही वर्षांतच त्यानं ब्रश कायमचा खाली ठेवला.

विशीच्या सुरुवातीलाच तो आयुष्य संपवण्याच्या विचारापर्यंत पोचला होता. त्यातून आपल्याला बाहेर काढलं ते पाली ग्रंथातल्या एका उताऱ्यानं, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. हा उतारा मज्झिम निकायातला. मरणाची ओढ हीसुद्धा एक आसक्तीच आहे, असा काहीसा अर्थ त्याला त्यात सापडला आणि तो सावरला. आता पुढचं बघा. याच मज्झिम निकायात वासेट्ठ सुत्त आहे. जन्मानं कुणी ब्राह्मण ठरत नाही, कर्मानं ठरतो, असं बुद्ध त्यात समजावून सांगतात. आणि ज्या माणसाला या ग्रंथानं वाचवलं, त्यानं पुढे १९४३ मध्ये बौद्ध धर्मावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला बुद्ध कसा, तर आर्य, क्षत्रिय, निवडक उच्च लोकांना साधना शिकवणारा. उरलेला बुद्ध त्याला नको होता.

त्याची वाचायची पद्धतच अशी. त्यानं वाचलं मात्र अफाट. नीत्शे, किमयागारांच्या पोथ्या, तंत्रमार्ग, योग, चिनी ताओ, रेने गेनाँ हा फ्रेंच गूढवादी. स्वतःचा स्वतः शिकला म्हणून त्याला हिणवायचं काही कारण नाही. पदवी नसलेली कितीतरी माणसं पदवीवाल्यांना शिकवून गेलीत. पण एकट्यानं शिकताना समोर एक माणूस नसतो. व्हायव्हाला टेबलापलीकडे बसून जो चष्म्यावरून बघत विचारतो ना, कशावरून? तो. एव्होलाकडे तो नव्हता, आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यानं त्या प्रश्नाचीच वाट बंद करून टाकली. त्याचं म्हणणं असं की पुराणकथा ही इतिहासाच्या कागदपत्रांपेक्षा वरच्या दर्जाची साक्ष. एकदा हे मान्य केलं, की तुमच्याविरुद्ध पुरावा आणणार कोण आणि कुठून?

१९३४ मध्ये त्याचं मुख्य पुस्तक आलं, आधुनिक जगाविरुद्ध बंड पुकारणारं. त्यातली मांडणी वाचताना तुम्हाला एकदम घरच्यासारखं वाटेल, आणि तेच जरा विचित्र वाटेल. जग सुवर्णयुगातून खाली घसरत आलंय आणि आता कलियुग चालू आहे. आपल्याकडे लोकल वीस मिनिटं लेट झाली तरी आजी म्हणते, कलियुग आहे बाबा. एव्होलानं त्याचा राजकीय सिद्धांत केला. आधी सत्ता पवित्र राजांकडे होती, मग ती योद्ध्यांकडे आली, मग व्यापाऱ्यांकडे, शेवटी कामगारांकडे. म्हणजे चातुर्वर्ण्याची उतरंड त्यानं उभ्या युरोपच्या इतिहासावर पांघरली. लोकशाही म्हणजे तिसरी पायरी, रशियातली क्रांती म्हणजे चौथी. समता ही प्रगती नव्हे, ती सडण्याची खूण. वर्णव्यवस्था त्याला आदर्श वाटली, आणि ती त्याला भेटली होती पुस्तकांतून. ज्यांना ती रोज पाणवठ्यावर भेटत होती, त्यांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली. तारखा जवळजवळ ठेवून बघा. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, एव्होलाचं पहिलं मोठं राजकीय पुस्तक आलं.

त्या पुस्तकात त्यानं मुसोलिनीला सल्ला दिला होता की चर्चची साथ सोडा, प्राचीन रोमची मूर्तिपूजक परंपरा उचला. मुसोलिनीनं काय केलं? १९२९ मध्ये व्हॅटिकनशी करार केला. १९३० मध्ये एव्होलानं स्वतःचं पाक्षिक काढलं, त्याचे दहा अंक निघाले आणि ते बंद पडलं. फॅसिस्ट पक्षाचा तो कधीही सदस्य नव्हता. हे त्याचे चाहते आजही छाती ठोकून सांगतात, जणू त्यानं काही विरोध केला होता. तर तसं नाही. त्याची तक्रार होती की फॅसिझम पुरेसा कडवा नाही, त्यात गर्दीला, भाषणबाजीला फार भाव आहे.

आणि राजवटीच्या ताटात जेवायला त्याची ना नव्हती. फारिनाची या जहाल फॅसिस्ट नेत्याच्या दैनिकात तो १९३४ पासून संस्कृतीचं एक खास पान सांभाळत होता. (हो, दैनिकातलं पान. तुम्ही आत्ता वाचताय तसंच. पानं निरुपद्रवी असतात असं समजू नका.) ज्यूंविरुद्ध रचलेल्या 'प्रोटोकॉल्स' या बनावट दस्तऐवजाच्या १९३७ च्या इटालियन आवृत्तीला त्यानं प्रस्तावना लिहिली. दस्तऐवज खोटा असल्याचं तेव्हा जगजाहीर होतं. एव्होलाचा पवित्रा असा की तो अस्सल आहे की नाही हा प्रश्नच गौण, त्यातलं म्हणणं खरं आहे. बघा, पुन्हा तेच. कशावरून विचारायची सोयच नाही. पुढल्याच वर्षी इटलीत वंशभेदाचे कायदे आले, ज्यू मुलांना शाळांतून आणि ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढून टाकण्यात आलं. १९४१ मध्ये एव्होलानं वंशावर पुस्तक लिहिलं. वंश शरीराचा असतो तसा आत्म्याचाही असतो, असं त्याचं सूत्र. मुसोलिनीला ते आवडलं, त्यानं त्याला भेटीला बोलावलं. काही लोक या आत्मिक वंशवादाला जरा सौम्य मानतात. मला ते पटत नाही. रक्त निदान तपासता तरी येतं. आत्मा हीन आहे असं एकदा ठरवलं की सुटका नाही.

जर्मनीतही त्यानं व्याख्यानं दिली, पण हिमलरच्या माणसांनी १९३८ मध्ये त्याचा अहवाल तयार केला आणि याला फार जवळ करू नका असा शेरा मारला. थोडक्यात, फॅसिझम सत्तेवर असताना एव्होलाचा प्रभाव बेताचाच होता. हे ध्यानात ठेवा, कारण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

१९४४ च्या जूनमध्ये दोस्त सैन्य रोममध्ये शिरलं आणि एव्होला निसटला, व्हिएन्नाला पोचला. बॉम्बहल्ले व्हायचे तेव्हा तळघरात जायचं सोडून तो मुद्दाम रस्त्यावर फिरायचा, नियतीला प्रश्न विचारत. १९४५ च्या सुरुवातीला उत्तर आलं. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. या माणसाला डोंगर चढायचं वेड होतं.

१९४८ मध्ये तो इटलीत परतला. डोळ्यांसमोर आणा. राजा गेलेला, मुसोलिनी लोकांनी उलटा टांगलेला, देशात प्रजासत्ताक आलेलं. फॅसिस्टांच्या उरल्यासुरल्या लोकांनी १९४६ च्या डिसेंबरात एमएसआय हा पक्ष काढलेला. त्यात काही पोरं होती, सतरा-अठराव्या वर्षी मुसोलिनीच्या शेवटच्या सरकारसाठी बंदूक उचललेली आणि विशीत पाऊल टाकेपर्यंत सगळं हरलेली. पिनो राउती हा त्यांच्यातलाच. या पोरांना म्हाताऱ्या नेत्यांच्या आठवणींत रस नव्हता. आपण चुकलो असं म्हणणं हा एक मार्ग होता, तो त्यांना झेपत नव्हता. आणि मग त्यांना रोममधल्या एका फ्लॅटमध्ये पलंगावर पडलेला, एका डोळ्याला मोनोकल लावणारा हा माणूस सापडला.

त्यानं त्यांना काय दिलं? कार्यक्रम नाही, निवडणुकीची व्यूहरचना नाही. त्यानं त्यांना हरायचं कसं ते शिकवलं. कलियुगात श्रेष्ठ माणूस हरणारच, हरणं हीच श्रेष्ठपणाची खूण. बाहेरचं जग म्हणजे ढिगारा आहे, त्या ढिगाऱ्यात ताठ उभे राहा. १९५० मध्ये खास या तरुणांसाठी त्यानं एक छोटी पुस्तिका लिहिली. छळछावण्यांचं, ज्यू मुलांचं, वंशाच्या कायद्यांचं उत्तर द्यायची गरज त्या भाषेत उरतच नाही, कारण सगळी चर्चा इतक्या उंचीवर नेऊन ठेवलेली असते की खालची माणसं दिसत नाहीत. हरलेल्या विशीतल्या पोराला याहून गोड औषध कुठलं? त्याचा पराभव पुसला जात नाही, उलट त्याला मुकुट चढतो. एखादी मॅच हरल्यावर अंपायरला दोष देण्याच्या फार पलीकडची ही गोष्ट. इथे खेळाचे नियमच हलक्या लोकांनी बनवलेत असं म्हणायचं आणि मैदानातून मान वर करून निघून जायचं.

१९५१ मध्ये पोलिसांनी बॉम्ब उडवणाऱ्या एका नवफॅसिस्ट गटातल्या तरुणांना पकडलं आणि त्यांचा वैचारिक बाप म्हणून एव्होलालाही आत टाकलं. चालता न येणारा आरोपी उचलून न्यावा लागे. कोर्टात त्यानं बाजू मांडली ती अशी की फॅसिझमचं मी समर्थन केलं ते फक्त एवढ्यासाठी की त्यातले काही विचार फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीच्या युरोपात सर्वमान्य होते. नोव्हेंबरमध्ये तो निर्दोष सुटला. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असावं. बॉम्ब ठेवा असं त्यानं कुणाला सांगितल्याचं दिसत नाही.

पण १९५६ मध्ये राउती आणि मंडळी एमएसआय फारच मवाळ झाला म्हणून बाहेर पडली, 'ओर्दिने नुओवो' म्हणजे 'नवी व्यवस्था' ही त्यांची संघटना वेगळी उभी राहिली. तिचा ग्रंथ म्हणाल तर एव्होला. १९६१ मध्ये त्यानं वाघावर स्वार होण्याची उपमा देणारं पुस्तक लिहिलं. वाघाला थांबवता येत नसेल तर त्याच्या पाठीवर बसा, तो दमेपर्यंत टिकून राहा. राजकारणापासून मनानं अलिप्त राहा, असाच त्याचा वरवरचा अर्थ. काहींनी तो तसाच घेतला, ते डोंगरात गेले, योग करू लागले. काहींनी मात्र त्यातून वेगळंच काढलं. काहीच वाचवण्यासारखं उरलेलं नाही, आणि निकालाची पर्वा न करता केलेली कृती हीच शुद्ध, तर मग कृती करायला हरकत काय? १९६८ च्या विद्यार्थी उठावात डावी पोरं मार्क्यूज वाचत होती, तेव्हा एमएसआयचा नेता अल्मिरांते एव्होलाला आमचा मार्क्यूज म्हणायचा, आणि वर त्याहून सरस असं जोडायचा.

१२ डिसेंबर १९६९. मिलानच्या पियात्सा फोंताना चौकातल्या बँकेत बॉम्बस्फोट, १७ जण गेले. वर्षानुवर्षं खटले चालले. शेवटी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोंदवलं की स्फोटामागे ओर्दिने नुओवोच्या वर्तुळातला फ्रांको फ्रेदा आणि त्याचा एक साथीदार होते, पण आधी सुटका झालेली असल्यानं त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता येत नाही. हा फ्रेदा प्रकाशक होता. तो एव्होलाची पुस्तकं छापायचा.

बोट सरळ एव्होलाकडे दाखवणं सोपं आहे, पण मी ते करणार नाही. मधे गुप्तहेर खात्यातली माणसं होती, शीतयुद्ध होतं, पोरांची स्वतःची मर्जी होती. त्याला मोकळं सोडणंही मला जमत नाही. बहुतेक माणसं माणसंच नाहीत, गर्दी आहेत, असं वीस वर्षं शिकवल्यावर बँकेत रांगेत उभी असलेली गर्दी कुणाला दिसणार?

ओर्दिने नुओवोवर नोव्हेंबर १९७३ मध्ये सरकारनं बंदी घातली. ११ जून १९७४ ला एव्होला रोममधल्या त्याच घरी गेला. त्याचे शिष्य सांगतात की त्यानं स्वतःला खिडकीपाशी उभं करवून घेतलं आणि उभ्यानं प्राण सोडला. त्याची रक्षा शिष्यांनी माँते रोझाच्या हिमनदीतल्या एका भेगेत नेऊन ठेवली. पुस्तकं मात्र फिरत राहिली. रशियात अलेक्सांद्र दुगिननं त्याचं भाषांतर केलं, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या स्टीव्ह बॅननच्या तोंडी एका परिषदेत त्याचं नाव आलं.

एव्होला गेला त्याच्या बरोबर चौदा दिवस आधी, २८ मे १९७४ ला, ब्रेशा शहरात फॅसिस्टविरोधी सभा चालू होती. पियात्सा देल्ला लोज्जा हा चौक. पाऊस पडत होता, बरेच लोक कमानींखाली उभे होते. बॉम्ब तिथल्याच एका कचरापेटीत होता. आठ जण गेले, त्यात काही शाळामास्तर होते. अंतिम निकाल लागला २०१७ मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. दोघांना जन्मठेप. एक ओर्दिने नुओवोचा म्होरक्या, तोवर ऐंशी ओलांडलेला. दुसरा स्फोटाच्या दिवशी जेमतेम एकवीस वर्षांचा होता.