स्टीफन हिस्लॉप : नागपूरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते मिशनरी कोण होते?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज शहरात सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यांच्या नावाने ते उभं आहे, ते स्टीफन हिस्लॉप हे कॉलेज सुरू होण्याच्या 20 वर्षं आधीच वारले होते. नागपुरात त्यांनी शाळा काढली होती. त्या शाळेमागे जो पैसा होता, त्याचीही एक गोष्ट आहे.

पगार सोडणारं चर्च

हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस इकडे नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली. एडिंबरा आणि ग्लासगो इथे शिकून ते धर्मसेवेकडे वळले. ते तरुण असतानाच स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली.

वाद होता चर्चवर कोणाची सत्ता चालणार, याचा. गावचा पाळक कोण असावा, हे मंडळीने ठरवायचं की जमीनदाराने? मे 1843 मध्ये साडेचारशेहून जास्त पाळक सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले. पगार गेला, राहतं घर गेलं, चर्चची इमारतही गेली. त्यांनी स्थापन केलेल्या नव्या चर्चचं नाव होतं 'फ्री चर्च'.

मग खर्च भागवायचा कसा? त्यांचे नेते थॉमस चाल्मर्स यांचा मार्ग साधा होता. प्रत्येकाने आठवड्याला निदान एक पेनी द्यायची. मोठ्या देणगीदारांची वाट पाहण्यापेक्षा शेतमजूर, विणकर आणि मोलकरणी यांनी नेमाने दिलेल्या नाण्यांवर त्यांचा भरवसा होता.

ख्रिस्ती धर्मात या देण्यामागे जुना विचार आहे. बायबलच्या जुन्या करारात पिकाचं पहिलं फळ आणि उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशमांश, देवाचा मानला आहे. खर्च भागल्यावर उरेल ते द्यायचं नाही, तर देवाचा वाटा आधी काढून ठेवायचा. किती दिलं यापेक्षा कुठल्या क्रमाने दिलं, याला तिथे महत्त्व आहे.

कामठीतून आलेली देणगी

फ्री चर्चची भारतातली अवस्थाही बिकट होती. मुंबईत जॉन विल्सन आणि कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी फ्री चर्चची बाजू घेतली, त्यामुळे शाळांच्या इमारती त्यांच्या हातून जाणार होत्या. आहे तेच सांभाळणं कठीण असताना नवं काम हाती घेणं वेडेपणाचं वाटलं असतं.

पण नागपूरजवळच्या कामठी छावणीत मद्रास फौजेचे अधिकारी विल्यम हिल होते. नागपूर भागात मिशन सुरू व्हावं म्हणून त्यांनी स्वतःजवळची मोठी रक्कम देऊ केली. फ्री चर्चने ती स्वीकारली आणि माणूस निवडला स्टीफन हिस्लॉप.

राजाच्या राजधानीत शाळा

नवविवाहित हिस्लॉप आणि त्यांच्या पत्नी इरॅस्मा 1845 च्या सुरुवातीला नागपुरात पोहोचले. तेव्हा गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. हिस्लॉप मराठी शिकले आणि 1846 मध्ये त्यांनी शाळा उघडली. तिथे इंग्रजी विद्येबरोबर बायबलही शिकवलं जाई. मिशनचा हेतू धर्मांतराचा होता आणि तो त्यांनी लपवला नाही. पालकांना मुलगा शिकावा असं वाटे, पण तो धर्म सोडेल अशी भीतीही वाटे. ख्रिस्ती झालेले फार थोडे, शिकून गेलेले कितीतरी जास्त.

1847 मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी आले. काही वर्षांनी तब्येतीमुळे ते परतले. 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. राजवट बदलली, पण हिस्लॉप यांचं काम सुरू राहिलं.

पिशवीत बायबल, हातात हातोडी

हिवाळ्यात ते प्रचारासाठी गावोगाव फिरत. याच फिरतीत त्यांनी टाकळी आणि सीताबर्डीच्या टेकडीच्या परिसरातले खडक तपासले. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांना आणि हंटर यांना गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. या भागाच्या भूरचनेवरचा त्यांचा निबंध 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. टाकळीच्या हिरव्या खनिजाला पुढे 'हिस्लॉपाइट' नाव मिळालं.

गोंड आणि इतर आदिवासी समाजांबद्दलही त्यांनी टिपणं केली. गोंडांच्या लिंगोची दीर्घकथा एका परधान गायकाकडून ऐकून लिहून घेतली. तोंडी चालत आलेली ही कथा त्यामुळे कागदावर आली.

बोरीच्या वाटेवर

सप्टेंबर 1863. मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेम्पल यांच्यासोबत हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले होते. 4 सप्टेंबरच्या संध्याकाळी ते मागे राहिले आणि नंतर घोड्यावरून एकटेच बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. वाटेतला ओढा पावसाने फुगला होता. मुक्कामी घोडा पोहोचला, स्वार पोहोचला नाही. ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला होता. 46 वर्षं पूर्ण व्हायला 4 दिवस बाकी होते. मागे इरॅस्मा आणि लहान मुलं होती.

त्यांची आदिवासींविषयीची टिपणं टेम्पल यांनी 1866 मध्ये संपादित करून छापली. 1883 मध्ये मिशनने कॉलेज सुरू केलं आणि त्याला हिस्लॉप यांचं नाव दिलं.

मागे काय राहिलं?

हिल यांनी पैसा दिला, स्कॉटलंडच्या मजुरांनी आठवड्याची पेनी दिली, हिस्लॉप यांनी उभं आयुष्य दिलं. यातल्या कोणालाही ते कॉलेज होईल हे ठाऊक नव्हतं. धर्मांतराच्या हिशेबात हे मिशन फार यशस्वी ठरलं नाही. तरी ज्यांनी आपला वाटा आधी काढून दिला, त्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कामाचा फायदा पुढे सगळ्या धर्मांच्या विद्यार्थ्यांना झाला. मिशनच्या शाळेतून वाढलेल्या त्या कॉलेजात आजही वर्ग भरतात.