शेत, जातं आणि गीतेचा एक श्लोक



आजचा श्लोक गीतेच्या १८व्या अध्यायातला ४६वा. अर्थ थोडक्यात असा: ज्याच्यापासून हे सगळं झालं आणि ज्याने हे सगळं व्यापलंय, त्याची पूजा माणसाने आपल्या वाट्याच्या कामानेच करावी. त्यातच सिद्धी आहे. काशीचे कबीर मागावर कापड विणत राहिले, अरणचे सावता महाराज मळा शिंपत राहिले, ते याच वाटेने. आज आपल्या खान्देशातलं उदाहरण घेऊया, बहिणाबाई चौधरींचं.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोदे गावातला. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घर शेतकऱ्याचं; तीन भाऊ, तीन बहिणी. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही, त्यामुळे लिहिणं-वाचणं शेवटपर्यंत आलं नाही. १३व्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरींशी लग्न झालं. सासरीही शेतीच. पहाटे दळण, मग चूल, मग शेत. पेरणी, निंदणी, कापसाची वेचणी, खळं. वर्षाचं चक्र ठरलेलं.

तिशीच्या आसपास नथूजी गेले. पदरात काशी, ओंकार आणि सोपानदेव ही तीन मुलं. त्यातच प्लेगने ओंकारला कायमचं अपंगत्व आलं. त्या काळात विधवा बाईच्या वाट्याला काय यायचं, हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी देवावर रागावून बसणं किंवा सगळं सोडून देणं, दोन्ही समजण्यासारखं होतं. बहिणाबाईंनी दोन्ही केलं नाही. जातं फिरत राहिलं, शेत पिकत राहिलं, आणि त्या कामातूनच गाणी येत राहिली. ती गाण्यासाठी वेगळा वेळ काढला नव्हता, वेगळी खोली नव्हती.

त्यांच्या गाण्यांत काय आहे? सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखं आहे. बहिणाबाईंनी गीता वाचलेली नव्हती, पण मन त्यांनाही तसंच दिसलं. फक्त उपमा आली ती शेतातली: कितीही हाकललं तरी फिरून उभ्या पिकात शिरणारं ढोर. ज्याने कधी पीक राखलंय त्याला हे लगेच कळेल. आपल्या कामाकडे नीट बघत राहिलं की शास्त्रातली गोष्ट तिथेच सापडते, ती अशी.

भाषासुद्धा घरातलीच. यावल, रावेर, भुसावळ, जळगाव या पट्ट्यात आजही घरोघरी ऐकू येते ती लेवा बोली. पुण्या-मुंबईत आल्यावर आपल्यापैकी काही जण ती बोलायला लाजतात. देवाशी बोलायला ती बहिणाबाईंना पुरेशी होती.

आता या गोष्टीतला नाजूक भाग. ही गाणी सहज हरवली असती. गाणारीला लिहिता येत नव्हतं, आणि आपण कवयित्री आहोत असा तिचा दावाही नव्हता. आमच्या यावलला महर्षी व्यासांचं मंदिर आहे, गुरुपौर्णिमेला तिथे मोठी गर्दी होते. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इथे आई गात होती आणि मुलगा सोपानदेव लिहून घेत होता. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः कवी, त्यांनी आईची गाणी आचार्य अत्रेंना दाखवली आणि १९५२ साली अत्रेंच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. छापील पुस्तक बघायला त्या नव्हत्या. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. शाळेत न गेलेल्या बाईचं!

आपण म्हणतो, ऑफिस, ट्रॅफिक, डेडलाइन, साधनेला वेळच मिळत नाही. श्लोक सांगतो की काम संपल्यावर पूजा सुरू होते असं नाही, काम हेच पूजेचं साहित्य. बहिणाबाईंना फळ हाती लागलं नाही, तरी पूजा पूर्ण झाली.

आजचा संकल्प छोटासा: दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं एक काम निवडा आणि ते देवापुढे फूल ठेवावं तसं नीट करा. आणि घरात आजी ओव्या म्हणत असेल, तर आजच लिहून घ्या.

राम कृष्ण हरी!