स्टेथोस्कोपचे जनक : डॉ. रेने लेनेक

ताप आला, खोकला वाढला, धाप लागली की आपण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर आपली विचारपूस करतात. मग ते गळ्यातील स्टेथोस्कोप कानांना लावतात आणि त्याची चकती आपल्या छातीवर आणि पाठीवर ठेवतात. आपल्याला मोठा श्वास घ्यायला सांगतात. क्षणभर ते काही बोलत नाहीत, फक्त ऐकतात. ते काय ऐकत असतात? छातीच्या आत काय बिघडले आहे, हे नुसत्या आवाजावरून त्यांना कसे कळते? ही विद्या जगाला शिकवणारे डॉक्टर होते रेने लेनेक.

रेनेचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्समधील कँपेर या गावी झाला. हे गाव ब्रिटनी नावाच्या प्रांतात आहे. ब्रिटनी हा समुद्रकाठचा प्रदेश. तेथील लोकांची ब्रेटन ही स्वतःची वेगळी भाषा आहे. रेनेचे वडील वकील होते. त्यांना कविता करण्याचा नाद होता, पण संसाराकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते. रेने पाच वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे त्याला नाँत शहरात काकांकडे पाठवण्यात आले.

काका गियोम हे नामवंत डॉक्टर होते. त्यांनी पुतण्यांना मुलांप्रमाणे वाढवले. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि पुढे नाँत शहरानेही बराच रक्तपात पाहिला. रुग्णालये जखमी आणि आजारी माणसांनी भरून गेली. चौदा वर्षांचा रेने काकांबरोबर रुग्णालयात जाऊ लागला. तो जखमा धुवायचा, पट्ट्या बांधायचा, रुग्णांजवळ बसायचा. आपण डॉक्टर व्हायचे, असे त्याने तेथेच ठरवले. वडिलांना हे पसंत नव्हते. रेनेची प्रकृतीही नाजूक होती. पण त्याचा निश्चय कायम राहिला. अभ्यासातून वेळ मिळाला की तो बासरी वाजवायचा. लाकूड कातून वस्तू बनवण्याचाही त्याला छंद होता. हा छंद पुढे फार उपयोगी पडणार होता.

१८०१ साली रेने पॅरिसला गेला. तेथील शारिते रुग्णालयात कॉर्व्हिसार हे प्रसिद्ध डॉक्टर शिकवत असत. १८०३ साली रेनेने वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत पहिले बक्षीस मिळवले. पुढच्याच वर्षी तो डॉक्टर झाला.

त्या काळी छातीचे रोग ओळखणे फार अवघड होते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून नव्वदहून अधिक वर्षे होती. खोकला, ताप आणि धाप ही लक्षणे अनेक रोगांत सारखीच दिसत. छातीत पाणी झाले आहे, की न्यूमोनिया झाला आहे, की क्षयरोग फुफ्फुस पोखरत आहे, हे रुग्ण जिवंत असेपर्यंत खात्रीने सांगता येत नसे. डॉक्टर कधी कधी रुग्णाच्या छातीला कान लावत, पण त्यातून फारसे कळत नसे. कॉर्व्हिसार आणखी एक पद्धत शिकवत. कलिंगड पिकले आहे का, हे आपण त्यावर बोटाने टिचकी मारून पाहतो ना? तशीच बोटे छातीवर वाजवून ते आवाज ऐकत. ही पद्धत व्हिएन्नाचे डॉक्टर औएनब्रुगर यांनी १७६१ साली मांडली होती. त्यांच्या वडिलांची खानावळ होती. पिंप भरलेले आहे की रिकामे, हे पिंपावर टिचकी मारून ओळखतात, हे त्यांना माहीत होते.

लेनेक यांच्या स्वतःच्या घरातही क्षयरोगाने शिरकाव केला होता. १८१० साली त्यांचा धाकटा भाऊ मिशो या रोगाने गेला. १८१६ साली त्यांचे मित्र डॉ. बेल यांनाही क्षयानेच गाठले. बेल यांनी शेकडो शवविच्छेदने करून याच रोगाचा अभ्यास केला होता. ज्या रोगाने जवळची माणसे हिरावून नेली, तो रोग वेळेवर ओळखता यावा, ही तळमळ लेनेक यांच्या मनात घर करून राहिली.

माणसांविषयी त्यांना किती आपुलकी होती, हे एका प्रसंगावरून दिसते. १८१४ साली युद्धामुळे पॅरिसची रुग्णालये सैनिकांनी भरून गेली. त्यांत ब्रिटनीकडचे अनेक तरुण होते. त्यांना फ्रेंच भाषा येत नव्हती. आपल्याला कुठे दुखते, हेसुद्धा ते कोणाला सांगू शकत नव्हते. घराची आठवण आणि परक्या भाषेची भीती यांमुळे ते खचून गेले होते. लेनेक यांनी खटपट करून या सैनिकांना एकत्र ठेवण्याची परवानगी मिळवली आणि ब्रेटन भाषेत त्यांच्याशी संवाद साधला. रुग्णाला बरे करायचे तर आधी त्याचे ऐकले पाहिजे, हे त्यांना पटले होते.

१८१६ साली लेनेक यांची पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात नेमणूक झाली. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री त्यांच्याकडे तपासणीसाठी आली. तिचे शरीर स्थूल असल्यामुळे टिचक्या मारून काही कळेना. तिच्या छातीला कान लावणे त्यांना योग्य वाटेना. काय करावे? तेवढ्यात त्यांना एक साधी गोष्ट आठवली. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने ओरखडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो बारीक आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी जवळचे कागद घेतले आणि त्यांची घट्ट गुंडाळी केली. गुंडाळीचे एक टोक त्या स्त्रीच्या छातीवर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. त्यांना नवल वाटले. हृदयाचे ठोके इतके स्पष्ट त्यांनी पूर्वी कधीच ऐकले नव्हते!

एखादा दुसरा माणूस एवढ्यावरच खूश होऊन थांबला असता. लेनेक यांचे काम मात्र येथून सुरू झाले. हृदयाचे ठोके ऐकू येतात, तर फुफ्फुसांत जाणारी हवाही ऐकू येईल, असा विचार त्यांनी केला. त्यांनी निरनिराळे पदार्थ वापरून नळ्या तयार करून पाहिल्या. हलक्या लाकडाची, मधून पोकळ असलेली नळी त्यांना सर्वांत चांगली वाटली. मग ते घरी स्वतःच अशा नळ्या कातू लागले. बासरी वाजवणाऱ्या या डॉक्टरने रोग ओळखणारी बासरीच जणू तयार केली. ही नळी सुमारे एक फूट लांब होती. तिचे दोन भाग होत. ग्रीक भाषेत ‘स्टेथोस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे. या दोन शब्दांवरून त्यांनी तिला स्टेथोस्कोप हे नाव दिले.

पण नळी तयार झाली म्हणजे विद्या तयार झाली, असे नाही. ऐकू येणाऱ्या आवाजाचा अर्थ काय? तो कोण सांगणार? त्यासाठी लेनेक यांनी सुमारे तीन वर्षे अतिशय चिकाटीने अभ्यास केला. रोज ते रुग्णांच्या खाटेजवळ जात, छाती ऐकत आणि ऐकलेल्या प्रत्येक आवाजाची नोंद करत. एखादा रुग्ण दगावला, तर शवविच्छेदन करून त्याची फुफ्फुसे तपासत. मग आपली आधीची नोंद आणि डोळ्यांनी पाहिलेली फुफ्फुसे यांचा मेळ बसतो का, हे पडताळून पाहत. अंदाज चुकला तर तो सुधारत.

अशा रीतीने एकेका आवाजाचा अर्थ उलगडत गेला. तापलेल्या भांड्यात मीठ टाकल्यावर तडतडते, तसा बारीक आवाज न्यूमोनियाच्या सुरुवातीला येतो. फुफ्फुसाभोवती पाणी साठले की रुग्णाच्या बोलण्याचा आवाज बकरीच्या ओरडण्यासारखा कापरा ऐकू येतो. क्षयाने फुफ्फुसात पोकळी झाली असेल, तर रुग्णाचा आवाज जणू थेट छातीतूनच नळीत येतो. क्षयाच्या गाठी शरीरात कोठेही झाल्या तरी मूळ रोग एकच असतो, हेही त्यांनी ठामपणे मांडले. पुढे ते खरे ठरले.

येथेही त्यांना रुग्णाच्या मनाचा विसर पडला नाही. छातीतील खरखरीसाठी त्यांनी आधी एक फ्रेंच शब्द वापरला होता. पण सामान्य लोक तोच शब्द मरणाऱ्या माणसाच्या घशातील घरघरीसाठी वापरत. तो कानावर पडला तर रुग्ण घाबरेल, म्हणून रुग्णासमोर लेनेक त्याऐवजी लॅटिन शब्द वापरू लागले.

१८१९ साली त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काहींनी त्याचे स्वागत केले, तर काहींनी या लाकडी नळीची थट्टा केली. ब्रूसे नावाचे वजनदार डॉक्टर त्यांचे कडवे विरोधक होते. लेनेक यांनी शांतपणे आपले काम चालू ठेवले. मात्र अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना ब्रिटनीत जाऊन विश्रांती घ्यावी लागली. थोडे बरे वाटताच ते पॅरिसला परतले. १८२३ पासून ते शारिते रुग्णालयात शिकवू लागले. देशोदेशींचे विद्यार्थी त्यांच्याकडे येऊन कान देऊन ऐकायला शिकले.

रोग ओळखता येऊ लागला, पण क्षयावर औषध कोठे होते? समुद्राची हवा रुग्णांना मानवते, असे लेनेक यांना वाटे. म्हणून त्यांनी रुग्णालयात समुद्री शेवाळ आणून ठेवून पाहिले. त्याचा काही उपयोग झाला नाही. क्षयरोग एकापासून दुसऱ्याला होतो, हेही त्यांना फारसे पटले नव्हते. या बाबतीत त्यांची चूक झाली. क्षयाच्या रुग्णांची आणि मृतदेहांची तपासणी करण्यातच त्यांचे आयुष्य गेले होते. एकदा शवविच्छेदन करताना त्यांच्या बोटालाही जखम झाली होती.

१८२६ साली ते पुन्हा खूप आजारी पडले आणि ब्रिटनीतील आपल्या घरी परतले. त्यांचा चुलतभाऊ मेरियादेक हाही डॉक्टर होता. लेनेक यांनी त्याला आपली छाती स्टेथोस्कोपने तपासून जे ऐकू येईल ते सांगायला सांगितले. मेरियादेक एकेक आवाज सांगत गेला. ते सारे आवाज लेनेक यांनी इतरांच्या छातीत शेकडो वेळा ऐकले होते. आपल्याला क्षय झाला आहे, हे त्यांनी ओळखले. जो रोग ओळखण्याची विद्या त्यांनी जगाला दिली, त्याच रोगाने १३ ऑगस्ट १८२६ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४५ वर्षांचे होते. आपला स्टेथोस्कोप त्यांनी मेरियादेकला दिला. तीच त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठेव होती.

लेनेक यांचे अपुरे काम इतरांनी पुढे नेले. १८६५ साली व्हिलमँ यांनी क्षय हा संसर्गजन्य रोग असल्याचे दाखवले. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधून काढले. १८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडले. आता क्षयरोगाचे निदान वेळेवर झाले आणि औषधे पूर्ण मुदतीपर्यंत नियमित घेतली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

लेनेक यांची लाकडी नळी आता राहिली नाही. तिच्या जागी दोन्ही कानांना लावायचा रबरी नळ्यांचा स्टेथोस्कोप आला. मोठमोठी यंत्रेही आली. तरीही लहान खेड्यातील दवाखाना असो की शहरातील मोठे रुग्णालय, छातीची तपासणी आजही ऐकण्यापासूनच सुरू होते. यापुढे डॉक्टर तुमच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवतील, तेव्हा शांत राहून मोठा श्वास घ्या. आणि दुसऱ्याचे दुःख समजून घेण्यासाठी ज्यांनी जन्मभर कान दिला, त्या रेने लेनेक यांची आठवण ठेवा.