एक दिवसाचा महाराजा : सर पॅट्रिक गेडिस

२ ऑक्टोबर ही तारीख आपण गांधीजयंती म्हणून पाळतो. गांधीजींच्या पंधरा वर्षे आधी, १८५४ साली, याच तारखेस स्कॉटलंडमध्ये पॅट्रिक गेडिस यांचा जन्म झाला. पुढे १९१९ साली हेच गृहस्थ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये यांना या विषयाकडे वळविणारे गुरू तेच. परंतु आज आम्ही त्यांची आठवण काढतो ती सांडपाण्याच्या निमित्ताने.

गेडिस मूळचे जीवशास्त्राचे विद्यार्थी. लंडनला ते हक्सले यांच्या हाताखाली शिकले. तरुणपणी मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावरचे काम कमी करावे लागले. मग त्यांनी झाडाकडे पाहावे तसे शहराकडे पाहावयास सुरुवात केली. लग्नानंतर पत्नी ॲना यांच्यासह ते एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहावयास गेले आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन तिथली घरे व अंगणे सुधारू लागले.

१९१४ साली मद्रासच्या गव्हर्नरांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे सामान ज्या जहाजात होते ते जर्मनांच्या ‘एम्डेन’ने बुडविले. १९१७ साल तर फारच कठीण गेले. थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला आणि त्याच वर्षी ॲनाबाई इथेच तापाने वारल्या. तरीही गेडिस यांनी काम टाकले नाही. होळकरांच्या इंदूर शहराचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

इंदुरात तेव्हा प्लेगची धास्ती होती. गेडिस यांनी दरबाराकडून एक दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक काढली. तीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती, आणि सफाई कामगार नवे शुभ्र कपडे घालून मानाने चालले होते. लोकांनी आपण होऊन घरे झाडली. ज्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहत नसे, त्यांना त्या दिवशी सारे शहर पाहत होते.

खरा वाद गटारांचा होता. खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठी वाढलेल्या इंदुरात भुयारी गटारांची खर्चिक योजना पुढे आली होती. गेडिस यांना ती मान्य नव्हती. मैला पाण्याला देऊ नये, मातीला द्यावा, असे त्यांचे म्हणणे. कारण साधे आहे. घाण नदीत गेली की ती कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. तीच घाण जमिनीत गेली की जंतू तिचे खत करतात आणि बाग फुलते. आजच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांत हेच जंतू हौदात हवा सोडून कामाला लावलेले असतात.

खान नदी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. इंदूरची मोरी ती उज्जैनच्या यात्रेकरूचे स्नान! २०१६ च्या सिंहस्थापूर्वी खानचे पाणी मोठ्या नळातून घाटांना वळसा देऊन पुढे सोडण्याची सोय केली गेली. घाट वाचले, पण त्यांच्या खालच्या गावांचे काय? २०२१ साली इंदूरला ‘वॉटर प्लस’ शहराचा मान मिळाला, तो सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याच्या प्रयत्नांमुळे. वळसा आणि शुद्धी यांतला फरक आपण ओळखला पाहिजे.

आपल्या कुवेतमध्ये नदी नाही, आहे तो समुद्र. २००९ च्या ऑगस्टमध्ये मिश्रफचे पंपिंग स्टेशन बंद पडले आणि कच्चे मैलापाणी समुद्रात गेले. इकडे सुलैबियाचे केंद्र २००४ साली सुरू झाले. तिथे शुद्ध केलेले पाणी शेतीला मिळते. वाळवंटात मातीला पाणी देणे याहून गेडिस यांना आवडण्याजोगे दुसरे काय असणार? आम्ही बेटावरची माणसे. आमच्याकडे प्रत्येक मोरीचे शेवटचे टोक समुद्रच, हे लहानपणीच कळते. फहाहीलच्या किनाऱ्यावरही ते तितकेच खरे आहे.

१९३२ साली गेडिस यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला फ्रान्समधील माँपेल्ये येथे त्यांचे निधन झाले. पालकांनी एवढे करावे : तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतण्यापूर्वी हे पाणी येथून कुठे जाते, असे मुलांना विचारावे. उत्तर शोधता शोधता मुलांची गेडिस यांच्याशी ओळख होईल.