नांगराच्या कारखान्यातले व्यंगचित्रकार

आंजीच्या आपल्या वर्गातले बरेच जण पुढे यंत्रांच्या नाहीतर संगणकाच्या मागे लागले. मीही त्यातलीच. म्हणूनच शंकरराव, अर्थात शं. वा. किर्लोस्कर (1891–1975) मला फार जवळचे वाटतात.

तरुणपणी ते लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकले आणि नंतर काका लक्ष्मणरावांच्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात आले. तिथे लोखंडी नांगर बनत. चित्रकाराचे तिथे काय काम? शंकररावांनी जाहिरातींचे काम हाती घेतले, आणि 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्र काढले. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ आले. कारखान्याच्या आवारातून निघालेली ही मासिके महाराष्ट्रभर घरोघरी वाचली गेली.

बुवाबाजी आणि जुनाट रूढी यांची त्यांनी व्यंगचित्रांतून टर उडवली. लेखणीही तितकीच मिश्कील. आत्मचरित्राचे नावच पाहा: ‘शंवाकीय’! आपलीच आद्याक्षरे घेऊन संपादकीयाला मारलेली ती कोपरखळी.

मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा चित्रांची वही आता बंद, असे घरीदारी सगळ्यांनी गृहीत धरले होते. शंकररावांनी मात्र कारखाना सोडला नाही आणि कुंचलाही. आता आपण आईबाप आहोत. मुलांच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर सरांचे चित्र सापडले, तर रागावण्याआधी जरा नीट बघा. कदाचित छान जमले असेल.