हिंगणघाटला विसावलेले विल्यम लॅम्बटन आणि अंश-मिनिटांचा हिशेब

चिंचवडचा अक्षांश जुन्या पद्धतीने लिहिला तर साधारण 18 अंश 37 मिनिटे आणि रेखांश 73 अंश 48 मिनिटे. हेच आकडे कुणी मोबाइलच्या नकाशात 18.37 आणि 73.48 असे टाकले, तर खूण चाळीस किलोमीटरहून दूर, नैर्ऋत्येला सह्याद्रीच्या डोंगरात जाऊन पडते. अंशाचे भाग शंभर नसतात, साठ असतात. म्हणून 37 ला 60 ने भागायचे, की 18.617 मिळतात. 48 मिनिटांचे 0.8, म्हणजे 73.8. सेकंद असले तर त्यांना 3600 ने भागून मिळवायचे. पंचांगातल्या कला आणि विकला त्या याच.

भारताच्या जमिनीवर हे अंश काटेकोरपणे मोजायला सुरुवात केली विल्यम लॅम्बटन यांनी. ते यॉर्कशायरच्या एका गरीब शेतकरी घरातले. गणिताची आवड, पण पोटासाठी सैन्यात गेले आणि बरीच वर्षे कॅनडात अडकून पडले. भारतात आले तेव्हा तरुणपण सरले होते. 1799 च्या टिपूविरुद्धच्या मोहिमेत रात्रीच्या कूचात फौज चुकीच्या दिशेने चालली आहे, हे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले, अशी हकिकत सांगतात.

एप्रिल 1802 मध्ये मद्रासजवळ त्यांनी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजायला घेतली. ती पुरी व्हायला जवळपास दोन महिने लागले. पुढचे सगळे काम कोनांचे होते. एक बाजू आणि दोन कोन कळले, की त्रिकोण सुटतो. त्याच्या बाजूवर दुसरा, मग तिसरा. कोन मोजायचे थिओडोलाइट अर्धा टन वजनाचे. अशा त्रिकोणांनी मंगळूरचा किनारा गाठला, तेव्हा द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांत सुमारे 40 मैल जास्त दाखवली असल्याचे उघड झाले.

1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर यंत्र चढवताना दोर तुटला आणि पितळी वर्तुळ वाकले. मिनिट-सेकंद ज्यावर वाचायचे, तेच बिघडले! दुसरे यंत्र विलायतेहून यायला वर्षे गेली असती. लॅम्बटन तंबूत बसून राहिले आणि सुमारे सहा आठवडे खपून त्यांनी ते वर्तुळ पुन्हा आकारात आणले. माझ्या मते त्यांच्या स्वभावाची खरी ओळख इथे पटते.

कन्याकुमारीजवळच्या पुन्नेपासून बीदरजवळच्या दामरगिड्डापर्यंत, म्हणजे 8 अंश 9 मिनिटांपासून 18 अंश 3 मिनिटांपर्यंत, त्यांनी कंस मोजला. अंतर 9 अंश 54 मिनिटे. दशांशात ते 9.9 अंश. कुणी 9.54 लिहिले, तर 0.36 अंशाची, म्हणजे सुमारे 40 किलोमीटरची जमीन हिशेबातून नाहीशी होते. या कंसावरून पृथ्वीचा आकार ठरवायचा होता, त्यामुळे अशी चूक नकाशापुरती राहिली नसती.

1818 मध्ये या कामाला भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट मदतनीस म्हणून आले. लॅम्बटन आता थकले होते, क्षयाने पोखरले होते, तरी मुक्काम नागपूरला हलवायला निघाले. 20 जानेवारी 1823 रोजी वाटेत हिंगणघाटला तंबूतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. हिंगणघाटचा अक्षांश साधारण 20 अंश 33 मिनिटे, दशांशात 20.55. एव्हरेस्ट यांनी पुढे तो कंस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळाले ते त्यांचे.