दीड रुपया आणि पाच हजार

लेखनावर माणूस जगू शकतो काय, हा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकात भेटला नाही. तो आमच्या घरातच निघाला. बारावीनंतर मी मराठी घेऊन बी.ए.ला नाव घातले, तेव्हा रोह्याच्या मामांनी मला धाटावच्या एका कारखान्यात चिकटवून देण्याची तयारी दाखविली होती. महिन्याच्या महिन्याला पगार हातात पडेल, लिहून काय मिळणार, असे त्यांचे म्हणणे. माझे वडील इथे पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींची आखणी करतात. ते काहीच बोलले नाहीत.

मामांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आमच्याच पेण तालुक्यातील वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, जीव वाचवून घरी परतले आणि पुढे त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. तो छापला गेला १९०७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. स्वतःचे छापील पुस्तक त्यांनी हातातही घेतले नाही. अशा उदाहरणाने कोणाच्या घरची चूल पेटणार? म्हणून लेखणीच्या बळावर संसार केलेला माणूस मी शोधू लागलो. तो फार दूर नव्हता. मुंबईला जाताना आपली एस.टी. जिथे थांबते, त्या पनवेलातच तो भेटला. केशव सीताराम ठाकरे, अर्थात प्रबोधनकार ठाकरे.

प्रबोधनकारांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेलला झाला. घरची परिस्थिती बेताची. लिहिण्याची हौस मात्र शाळकरी वयापासूनची. ‘केरळकोकिळ’ मासिकाचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये यांना ते आपले लेखनातील गुरू मानीत. शिक्षणासाठी पनवेल, कल्याण, मुंबई, देवास अशी भटकंती झाली. पण मॅट्रिकच्या परीक्षेची फी भरताना दीड रुपया कमी पडला आणि परीक्षेला बसणे राहून गेले. वकील होण्याचे स्वप्न तिथेच संपले. दर वर्षी परीक्षेचा फॉर्म भरताना मला हा दीड रुपया आठवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो कधी ना कधी कमी पडलेला असेल.

मग सुरू झाली पोटाची लढाई. त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगविल्या, रबरी शिक्के केले, टाइपरायटर बडविला, छायाचित्रे काढली, फिरता विक्रेता म्हणून माल खपविला, विम्याचे काम केले, नाटक मंडळीबरोबर दिवस काढले. पुढे सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनी मिळाली. ती करता करताच त्यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहिले, ‘वक्तृत्वशास्त्र’ लिहिले. १६ ऑक्टोबर १९२१ रोजी ‘प्रबोधन’ हे पाक्षिक सुरू झाले आणि त्याच नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. पुढे त्यांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडले.

आता खरा प्रश्न. नोकरी सुटली, तर लेखणी पैसेवाल्याच्या दारी बांधली जाते की नाही? याचे उत्तर एका प्रसंगात आहे. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या माणसाने त्यांच्यापुढे पाच हजार रुपयांचा चेक ठेवला. मोबदल्यात पुराणांवर टीका करणारा ग्रंथ लिहून हवा होता. विषय तर त्यांच्या आवडीचा! भिक्षुकशाहीवर ते स्वतःच आसूड ओढीत होते. पैसा घेतला असता तर कोणी नावे ठेवली नसती. पण पैशासाठी मत लिहायचे नाही म्हणून त्यांनी तो चेक परत पाठविला. ती महाराजांनी घेतलेली परीक्षा होती, हे नंतर कळले. दीड रुपयासाठी एक परीक्षा हुकलेला माणूस पाच हजारांच्या परीक्षेला मात्र उतरला.

याचा अर्थ ते पैसा तुच्छ मानीत होते असा नव्हे. वर्गणी, पुस्तकांची विक्री, छापखाना यांवरच त्यांचा प्रपंच चालायचा. माझ्या मते त्यांना नकार देता आला तो त्यांच्या हातात चार हुन्नर होते म्हणून. लेखणी विकायची वेळ आली, तर ती बाजूला ठेवून पाटी रंगवून पोट भरता येते, हे त्यांना ठाऊक होते.

किंमत मात्र मोजावी लागली. ‘प्रबोधन’ दादर, सातारा, पुणे असे फिरले. पैशाची ओढाताण कायम होती, आणि १९३० च्या सुमारास ते बंद पडले. लेखन थांबले नाही. ‘खरा ब्राह्मण’ हे नाटक आले, पंडिता रमाबाई आणि गाडगेबाबा यांची चरित्रे आली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लेखणी पुन्हा तापली. १९६० साली त्यांच्या मुलाने ‘मार्मिक’ काढला, तेव्हा पंचाहत्तरीला आलेले प्रबोधनकार त्यातही लिहीत होते. २० नोव्हेंबर १९७३ रोजी ते गेले. ‘माझी जीवनगाथा’ हे त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षीचे.

हे सारे मी एका रात्री वडिलांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, की त्या माणसाला मजुरी महिन्यावर मिळायची की नगावर? मी म्हटले, नगावरच. त्यांनी मान हलविली. गणपती गावोगाव गेले की कारखान्यातले काम मंदावते, आणि मग वडीलही दुकानांच्या पाट्या रंगवितात. नगावर जगणे म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. ते घरातच चालले होते. मीच पाहिले नव्हते.

मामांना मी अजून उत्तर दिलेले नाही. गेल्या वर्षी एका अंकाने माझा लेख छापला आणि मानधन मात्र आले नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. पण या सुटीत मी मराठी टायपिंगच्या वर्गाला नाव घातले आहे आणि मुद्रिते तपासायला शिकतो आहे. मित्रहो, लेखक होईन की नाही ते पुढचे पुढे. हातात आणखी एक हुन्नर तर येईल.